डॉक्टर येण्यापूर्वीची दहा मिनिटे
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याचा मान आपण आम्हांला दिलात, त्याबद्दल आरंभीच आभार मानतो. अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा गौरव व्हावा हे रीतीला धरूनच आहे. परंतु ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. मास्तराला व्यासपीठावर उभे केले की तो धडाच घेणार! तेव्हा आपण सर्वांनी थोडा वेळ विद्यार्थी व्हावे, अशी आमची विनंती आहे. आजचा धडा आहे प्रथमोपचाराचा.

हा विषय डॉक्टरांचा, त्यात मास्तरांचे काय काम, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या घरात, ज्या वर्गात किंवा ज्या रस्त्यावर अपघात होतो, तेथे त्या क्षणी डॉक्टर क्वचितच असतो. तेथे असते आई, आजी, शेजारी, मास्तर, बसचा कंडक्टर. बेळगाव शहरात राहणाऱ्याला दवाखाना जवळ आहे. पण खानापूरच्या जंगलपट्टीत किंवा चंदगडच्या डोंगरवाडीत राहणाऱ्या आपल्या नातलगांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. डॉक्टर भेटण्यापूर्वीची ती पहिली दहा मिनिटे डॉक्टरांची नव्हेत, ती आपली आहेत. त्या दहा मिनिटांत आपण काय करतो, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करीत नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

प्रथमोपचाराचा इतिहासच मुळी सामान्य माणसांपासून सुरू होतो. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. हजारो जखमी सैनिक जवळच्या कास्तिल्योने गावात आणले गेले. डॉक्टर थोडे, जखमी अगणित. तेव्हा त्या गावच्या बायाबापड्यांनी चर्चमध्ये आणि घरांत जखमींना जागा दिली, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, पाणी पाजले. हा आपला, तो शत्रूचा, असा भेद त्यांनी केला नाही. जिनिव्हाचे आंरी द्यूनां हे गृहस्थ आपल्या व्यापाराच्या कामासाठी त्या बाजूला गेले होते. त्यांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि त्यातूनच पुढे १८६३ साली रेडक्रॉसचा पाया घातला गेला. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळाले, त्यांत द्यूनां एक होते. नंतर १८७७ साली इंग्लंडात सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि खाणकामगार, रेल्वेचे नोकर व पोलीस यांना प्रथमोपचाराचे वर्ग सुरू झाले. म्हणजे ही विद्या जन्मापासूनच अडाण्या-शहाण्या सर्वांची आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, अपघाताच्या वेळी नुकसान दोन रीतींनी होते. एक, सारे जण घाबरून हात बांधून उभे राहतात. दुसरी रीत अधिक नडते. मायेच्या घाईने, जो हाताला लागेल तो उपाय केला जातो. हे उपाय करणारी माणसे दुष्ट नसतात, उलट ती सर्वांत जवळची असतात. म्हणूनच त्यांना थांबविणे कठीण जाते. आजचा आमचा सारा धडा या दुसऱ्या रीतीविरुद्ध आहे.

प्रथम भाजण्याचा प्रकार घेऊ, कारण तो घरोघरचा आहे. ईदच्या सकाळी आमच्याकडे शीरखुर्म्याचे पातेले उकळत असते, होळीला आपल्याकडे कटाचे. आणि पोरे नेमकी पदर ओढायला तेथेच येतात. पोळले की लगेच कोणी हळद आणतो, कोणी तूप, कोणी शाई, कोणी टूथपेस्ट, कोणी बटाट्याचा कीस. यांतले काहीही लावू नये. तुपातेलाने आतली उष्णता आतच कोंडते, आणि दवाखान्यात तो सारा लेप खरवडून काढताना त्या जिवाला दुसऱ्यांदा यातना होतात. खरे औषध नळाला आहे. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावा. दोन मिनिटे नव्हे, वीस, घड्याळ लावून. नळ नसेल तर कळशीने धार धरावी. बर्फ मात्र लावू नये. त्याने भाजलेल्या कातडीची आणखी हानी होते. सूज चढण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. फोड फोडू नयेत. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नये. मग स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैलसर झाकून दवाखाना गाठावा. लहान मूल मोठ्या भागावर भाजले असेल, तर पाणी फक्त भाजल्या जागी घालावे आणि बाकीचे अंग पांघरुणाने ऊबदार ठेवावे. दिवाळीत किंवा शब-ए-बारातीला फटाक्याने कपडे पेटले, तर धावू देऊ नये. धावल्याने वारा मिळून ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवे पाडून जाड सुती चादर किंवा घोंगडे गुंडाळावे.

दुसरा प्रकार रक्त वाहण्याचा. विळीने बोट कापते, कोयता पायावर बसतो, काच घुसते. जखमेत चहापूड, चुना, तंबाखू किंवा माती भरण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. या पदार्थांतून रोगजंतू थेट जखमेत शिरतात, आणि धनुर्वाताचे जंतू तर मातीतच राहतात. रक्त थांबविणारी खरी वस्तू म्हणजे आपल्या हाताचा दाब. स्वच्छ रुमाल किंवा धुतलेल्या धोतराची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावे, आणि १० मिनिटे दाब सोडू नये. आमचा अनुभव असा, की माणसे दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून "थांबले का?" म्हणून पाहतात. प्रत्येक पाहण्याबरोबर धरू लागलेली खपली सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होते. कापड भिजले तर ते न काढता त्यावर दुसरे ठेवून दाबावे. काच, सुरा किंवा सळई आत रुतली असेल तर ती उपटू नये. तीच भोक बुजवून बसलेली असू शकते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा आणि तशीच दवाखान्यात न्यावी. साध्या जखमेचेही रक्त थांबले की ती पाण्याने स्वच्छ धुवावी आणि धनुर्वाताच्या सुईविषयी डॉक्टरांना विचारावे.

नाकातून रक्त आले, घोळणा फुटला, की आपण मुलाला मान मागे टाकायला लावतो आणि कांदा हुंगवतो. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते, मूल ते गिळते आणि ओकते. मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरून १० मिनिटे दाबावा, तोवर तोंडाने श्वास घेऊ द्यावा.

कांद्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. बिचाऱ्या कांद्यावर आपण फार जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. घोळणा फुटला, कांदा. भोवळ आली, कांदा. फेफरे आले, कांदा! कांदा भाकरीबरोबर खावा, तेथेच तो शोभतो. फेफरे आलेल्या माणसाला कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. मेंदूतील विजेचे वादळ बहुधा आपोआप एक-दोन मिनिटांत शमते, आणि श्रेय मात्र चपलेला मिळते. आमच्या शाळेत एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी एक मुलगा असा कोसळला. चार जण त्याचे हात-पाय दाबायला धावले, एकाने दातांत घालण्यासाठी चमचा आणला. आमच्या एका सहकारी बाईंनी सर्वांना मागे सारले, त्याच्या डोक्याखाली दप्तर ठेवले, गळ्याची गुंडी सोडली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. झटके थांबताच त्यांनी त्याला कुशीवर वळविले, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. एवढेच करायचे असते. दातांत चमचा घातल्याने दात तुटतात आणि त्यांचे तुकडे घशात जातात. 'जीभ गिळली जाते' हा समज खोटा आहे. झटके ५ मिनिटांहून अधिक चालले, किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा आले, किंवा आयुष्यात प्रथमच आले असतील, तर मात्र रुग्णवाहिका बोलवावी. आणखी एक गोष्ट. ज्या मुलाला हा विकार आहे, त्याला पुढच्या दिवशी वर्गात पूर्वीसारखेच वागविणे हाही प्रथमोपचारच होय.

घशात घास अडकणे हा प्रकार लग्नाच्या पंगतीतही होतो आणि पाळण्यातही. शेंगदाणा, फुटाणा, सुपारी, नाणे, काहीही पुरते. माणूस खोकत असेल, बोलत असेल, तर त्याला खोकू द्यावे. पाठीत मारू नये, पाणी पाजू नये. पण आवाजच निघत नसेल, तो गळा धरून काळानिळा पडू लागला असेल, तर क्षणाचाही विलंब नको. त्याला पुढे वाकवून, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा द्याव्यात. तरी सुटले नाही तर मागे उभे राहून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून, दुसऱ्या हाताने ती धरून, आत आणि वर असे ५ हिसके द्यावेत. हा उपाय अमेरिकेतील डॉ. हेन्री हाइम्लिक यांनी १९७४ साली लोकांपुढे मांडला. गरोदर स्त्रीला व फार स्थूल माणसाला हे हिसके पोटाऐवजी छातीवर द्यावेत. एक वर्षाखालील तान्हे असेल तर त्याच्या पोटावर कधीही दाब देऊ नये. त्याला मांडीच्या आधाराने हातावर पालथे, डोके खाली असे धरून पाठीत ५ थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ दाब, असे आळीपाळीने करावे. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालून चाचपू नये; ती आणखी खोल जाते.

आता सर्पदंशाकडे वळतो. हा भाग आपल्या परिसराला अगदी लागून आहे, आणि येथेच मायेची घाई सर्वांत महाग पडते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांतली बहुतेक खेड्यांतली आणि त्यांतही पुष्कळशी कर्त्या वयातली. आपल्याकडे प्राण घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारही सापांच्या विषावर चालणारी लस दवाखान्यात मिळते. म्हणजे औषध आहे, माणूस मात्र वाटेत अडकतो. कोठे अडकतो? दंशाच्या वर दोरी आवळण्यात, ब्लेडने चीर देण्यात, तोंडाने विष ओढण्यात, कडुलिंबाचा पाला कडू लागतो की गोड याची परीक्षा घेण्यात, आणि शेवटी मांत्रिकाच्या दारात. दोरी आवळल्याने विष थांबत नाही, हातपाय मात्र सडू शकतो. चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त आधीच गोठेनासे झालेले असते. मांत्रिकाला यश येते ते यामुळे, की पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतात. तो माणूस मंत्राविनाही जगलाच असता.

मग करावे काय? धीर द्यावा. चालवू नये, धावू देऊ नये. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या, घड्याळ काढावे. चावलेला हात किंवा पाय, मोडलेल्या हाडाला जशी फळी लावून सैल पट्टीने बांधतात तसा स्थिर करावा, आणि विषावरची लस असलेल्या दवाखान्यात तडक न्यावे. निघतानाच फोन करून लस आहे ना, याची खात्री करून घ्यावी. साप मारून सोबत नेण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. त्यात दुसरा माणूस चावून घेतो. मण्यारीविषयी एक विशेष सूचना आहे. ती रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दुखत फारसे नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. पावसाळ्यात असे झाले तर सर्पदंशाची शंका घ्यावी आणि वाहन काढावे. शेतावर राखणीला जाणाऱ्याने बाजेवर निजावे, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचावी, रात्री विजेरीवाचून पाऊल टाकू नये. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली असून २०३० पर्यंत या मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचा संकल्प केला आहे. हा संकल्प दिल्लीत कागदावर झाला. तो सिद्धीस जायचा आहे आपल्या अंगणात.

कुत्र्याच्या चाव्याचेही असेच. तेथे मिरचीपूड, चुना भरतात. खरा उपाय साबण आणि पाणी. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असते, साबण ते विरघळवितो. मग त्याच दिवशी लस सुरू करावी. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या भीतीने अजूनही काही लोक दवाखान्यात जात नाहीत. ती जुनी लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवीत. आपल्या देशात २००५ पासून ती वापरात नाही. आताची लस दंडात, चार-पाच वेळा घ्यावयाची असते, आणि जखम खोल असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. कुत्रे पाळलेले आहे, ओळखीचे आहे, नुसते ओरखडले आहे, या सबबी येथे चालत नाहीत. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मग जगातला कोणताही डॉक्टर जवळजवळ काही करू शकत नाही. आपल्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे, आणि १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. लशीचा गुण काय असतो, हे बेळगावकरांना दुसऱ्या गावच्या माणसाने सांगायला नको.

छातीत कळ आली, घाम सुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखू लागले, की आपण 'गॅस' म्हणून सोडा पाजतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला असे झाले तर त्याला बसवावे, जिना चढू देऊ नये, स्वतः स्कूटर चालवीत दवाखान्यात जाऊ देऊ नये, रुग्णवाहिका बोलवावी. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर 'वारा गेला' म्हणून तेल चोळीत बसू नये. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचे छायाचित्र काढावे लागते. म्हणून लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवावे. तोंडात पाणी, औषध काहीही घालू नये; ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

आणि माणूस एकाएकी कोसळला, हाक मारून, खांदे हलवून ओ देत नाही, श्वास चालत नाही किंवा नुसत्या उचक्यांसारखा धाप टाकतो, तर त्याचे हृदय थांबले असे समजावे. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूची हानी होऊ लागते. रुग्णवाहिका तेवढ्यात येत नाही. तेव्हा एकाने फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, दुसरा हात त्यावर ठेवून, कोपर ताठ करून, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यावेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यावर दुसऱ्याने घ्यावे, पण खंड पडू देऊ नये. छातीवर बाहेरून दाब देण्याची ही रीत १९६० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी प्रसिद्ध केली. त्यांतले कौवेनहोवेन हे विजेचे अभियंते होते! तेव्हा 'आम्ही डॉक्टर नाही' ही सबब कोणी पुढे करू नये. विजेच्या धक्क्यानेही हृदय थांबते. मात्र तेथे माणसाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. नाहीतर एकाच्या जागी दोघे जातात.

एक अडचण मोकळेपणाने बोलली पाहिजे. कोसळलेली व्यक्ती स्त्री असली की पुरुष मागे सरतात. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावावा? हा संकोच सभ्यपणातून येतो, म्हणून आम्ही त्याची थट्टा करीत नाही. परंतु आमच्या धर्मशास्त्रात प्राणावर बेतले असता निर्बंध शिथिल होतात, हे सर्वमान्य तत्त्व आहे. आणि आपल्याकडेही आपद्धर्म म्हणून वेगळे काही मानले आहेच. ज्या लाजेने शेजारणीचा जीव जातो ती लाज नव्हे. तरीही स्त्रिया जवळ असतील तर त्यांनीच पुढे व्हावे हे बरे, आणि म्हणून ही विद्या स्त्रियांनी आधी शिकावी.

दुसरी अडचण कायद्याची. पुणे–बंगळूर महामार्ग आपल्या गावाजवळून जातो, आणि तेथे अपघात झाला की मोटारी थांबतात, पण माणसे उतरत नाहीत. "नंतर पोलीस आणि कोर्टकचेरी कोणी करावी?" हे भय एके काळी निराधार नव्हते. पण ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घातले गेले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही, आणि त्याने आपले नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. तेव्हा थांबावे. आपले वाहन बाजूला घेऊन मागून येणाऱ्यांना सावध करावे. जखमीला पाठीला किंवा मानेला मार असेल तर गाठोड्यासारखे उचलून रिक्षात कोंबू नये. आग किंवा दुसरा धोका नसेल तर डोके-मान एका रेषेत स्थिर धरून, वाहत्या रक्तावर दाब देऊन, रुग्णवाहिकेची वाट पाहावी. फोन १०८ वर किंवा ११२ वर करावा. "लवकर या हो" असे ओरडून फोन ठेवू नये. गाव, रस्ता, जवळची खूण, जखमी किती, शुद्धीवर आहेत की नाहीत, हे शांतपणे सांगावे आणि पलीकडून फोन ठेवल्याखेरीज आपण ठेवू नये.

धडा संपत आला. आता मास्तर म्हणून गृहपाठ दिलाच पाहिजे, आणि तो आम्ही विश्वस्त मंडळींनाही देणार आहोत! आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, प्रत्येक घरात एक डबा असावा. त्यात निर्जंतुक गॉज, गुंडाळपट्ट्या, चिकटपट्टी, एक मोठी तिकोनी पट्टी, बोथट टोकाची कात्री, साबणाची वडी, हातमोजे, विजेरी आणि जीवनजलाची चार पाकिटे असावीत. झाकणाच्या आतून रुग्णवाहिकेचा क्रमांक, जवळच्या दवाखान्याचा क्रमांक, आणि घरातल्या कोणाला कोणते औषध चालत नाही, हे लिहून चिकटवावे. डबा घरातील सर्वांना माहीत असावा आणि कपाटाला कुलूप नसावे.

दुसरी, छातीवर दाब देणे, घसा मोकळा करणे आणि पट्टी बांधणे या गोष्टी भाषण ऐकून येत नाहीत. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच हे आहे. संस्थेने दरवर्षी एक दिवस जाणकार शिक्षक बोलावून, पुतळ्यावर हात चालवून, प्रत्येक घरातल्या निदान दोघांना शिकवावे. त्यांत एक स्त्री असावी.

तिसरी, संस्थेकडून शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे शिक्षण घेतलेले असावे, अशी अट घालावी. समाजाने त्याला फी दिली. त्याने समाजाला दोन सज्ज हात द्यावेत. सौदा वाईट नाही.

संस्थेची पन्नास वर्षे झाली. या काळात आपण मंडप घातले, पुस्तके दिली, अडल्या-नडल्यांना धान्य आणि औषधपाणी दिले. दान देणारा हात मोठा खरा. पण एखाद्या रात्री शेजारच्या घरातून किंकाळी येते, तेव्हा पैशाने भरलेला हात उपयोगी पडत नाही. काय करावे हे ठाऊक असलेला हात लागतो. तसे हात गल्लीगल्लीत तयार करणे हे पुढच्या पन्नास वर्षांतले पहिले काम म्हणून संस्थेने अंगावर घ्यावे. शिकविण्याच्या दिवशी दिवाणखान्यातल्या खुर्च्या उचलण्यापासून वाटेल ते काम आम्ही आनंदाने करू.